खोक्यावरचा आकडा, हातातली रेघ

ड्रॉइंग टॅब्लेटच्या खोक्यावर सगळ्यांत ठळक छापलेला आकडा असतो ८१९२. अलीकडे काही खोक्यांवर १६,३८४ देखील दिसतो. पेनावर दिलेला दाब किती पायऱ्यांमध्ये मोजला जातो, ते हा आकडा सांगतो. जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये चौकशी करणारा विद्यार्थी बहुतेक वेळा याच आकड्यावरून दोन टॅब्लेटची तुलना करतो आणि मोठ्या आकड्याला जास्त पैसे मोजायला तयार होतो. प्रत्यक्षात चित्र काढणाऱ्या हाताला २०४८ आणि ८१९२ पायऱ्यांमधला फरक जाणवत नाही. ‘वन बाय वॅकॉम’ या नवशिक्यांसाठीच्या टॅब्लेटचं पेन २०४८ पायऱ्यांचं आहे आणि त्यावर उत्तम काम होतं. जे खरोखर जाणवतं, ते खोक्यावर सहसा छापलेलं नसतं. रेघ किती हलक्या स्पर्शाने सुरू होते? तिरपी रेघ सावकाश ओढली तर ती थरथरते का? पाटीचा आकार समोरच्या पडद्याला शोभतो का? टॅब्लेट निवडायचा तो या प्रश्नांवर.

खानदेशात ज्यांना हा प्रश्न पडतो, त्यांतले बरेच जण कागदावर तयार झालेले असतात. कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षा त्यांनी दिलेल्या असतात. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, अक्षरलेखन हे सगळं हाताखालून गेलेलं असतं. पुढे कुणी फ्लेक्सच्या दुकानात डिझाइनला बसतं, कुणी लग्नपत्रिका करतं, कुणाला पुस्तकांची मुखपृष्ठं किंवा अ‍ॅनिमेशन खुणावतं. कॉम्प्युटरवर कोरलड्रॉ किंवा फोटोशॉप असतं आणि हातात माउस. माउसने चौकट आखता येते, फोटो कापता येतो, अक्षरं मांडता येतात. पण भुवई काढता येत नाही. माउस कॉम्प्युटरला फक्त जागा सांगतो. हात किती जोर देतो आहे, पेन किती कललं आहे, हे सांगायची सोय त्याच्यात नाही.

ही सोय कशी होते, ते समजून घेतलं तर खरेदी सोपी होते. टॅब्लेटच्या काळ्या पृष्ठभागाखाली तारांची बारीक जाळी असते. त्या जाळीतून क्षणभर विद्युतचुंबकीय लहर सोडली जाते. पेनाच्या पोटात तारेचं एक छोटं वेटोळं आणि एक कपॅसिटर असतो. त्या लहरीने हे मंडल झंकारतं आणि तीच ऊर्जा परत जाळीकडे पाठवतं. पुढच्या क्षणी जाळी फक्त ऐकते. कोणत्या तारांना उत्तर जोरात मिळालं, यावरून पेनाची जागा कळते. निब दाबली की मंडलाची कंपनसंख्या किंचित बदलते, त्यावरून दाब कळतो. उत्तर आजूबाजूच्या तारांमध्ये कसं पसरलं, त्यावरून पेनाचा कल कळतो. पाठवणं आणि ऐकणं सेकंदाला शेकडो वेळा चालतं. पेन पाटीपासून सुमारे सेंटिमीटरभर वर असलं तरी पडद्यावरचा बाण हलतो, तो यामुळेच. आणि पेनाला लागणारी वीज पाटीच पुरवते, म्हणून पेनात सेल नसतो आणि चार्जिंगची कटकट नसते.

या पद्धतीला विद्युतचुंबकीय अनुनाद म्हणतात. जपानच्या वॅकॉम या १९८३ साली स्थापन झालेल्या कंपनीने बिनतारी, बिनसेलचं पेन बाजारात रुजवलं. कल्पना मात्र बरीच जुनी आहे. हाताने लिहिलेलं तारेवरून दूरच्या गावी जसंच्या तसं उमटवणारं टेलॉटोग्राफ नावाचं यंत्र अमेरिकेत एलिशा ग्रे यांनी १८८८ साली केलं होतं. १९६४ साली रँड कॉर्पोरेशनने कॉम्प्युटरसाठी पाटी आणली: दहा इंची चौरस, दर इंचाला शंभर रेषा आणि किंमत अठरा हजार डॉलर. आज साधारण दोन-तीन हजार रुपयांत मिळणारी छोटी पाटी त्या यंत्राच्या कितीतरी पुढे आहे. ह्युइऑन, एक्सपी-पेन अशा चिनी कंपन्यांनी बिनसेलची पेनं स्वस्तात आणल्यावर ती तालुक्याच्या गावापर्यंत पोचली.

दाब ओळखणारं पेन कशासाठी हवं, याचं सगळ्यांत चांगलं उत्तर खानदेशच्या शेजारीच आहे. जळगावपासून अजिंठा सुमारे साठ किलोमीटरवर. पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणीचा चेहरा निवांत बघितला तर दिसतं की त्या चित्रातला गोलवा रंगापेक्षा रेघेने जास्त आणला आहे. भुवईची रेघ सुरुवातीला बारीक, मध्ये भरदार, टोकाला पुन्हा विरळ. खांद्याची कड एका जागी ठाम, तर पुढे जवळजवळ नाहीशी. चित्रकाराने मातीच्या गिलाव्यावर आणि त्यावरच्या पांढऱ्या लेपावर आधी गेरूने रेखाटन केलं, मग सपाट रंग भरले आणि शेवटी गडद रेघेने आकार पुन्हा बांधले. विष्णुधर्मोत्तर पुराणाच्या चित्रसूत्रात छटा देण्याच्या तीन रीती सांगितल्या आहेत: पत्रज, ऐरिक आणि बिंदुज. पानाच्या शिरांसारख्या रेघांनी, अतिशय बारीक रेघांनी आणि ठिपक्यांनी. तिन्ही रीती हाताच्या दाबावर उभ्या आहेत.

अजिंठ्याच्या चित्रकाराचा रेखाटन, सपाट रंग, गडद रेघ हा क्रम डिजिटल चित्रकाराच्या ‘लेयर’ पद्धतीशी तंतोतंत जुळतो. तळाच्या लेयरवर गेरूच्या रंगात कच्चं रेखाटन, त्यावर सपाट रंग, सगळ्यांत वर गडद रेघ. टॅब्लेट घेतल्यावर पहिल्या महिन्यात काय काढावं, असं विचारणाऱ्याला अजिंठ्यातला एखादा हात किंवा कमळ याच क्रमाने काढायला सांगावं. वरच्या लेयरवरची रेघ एका दमात, जाड-बारीक होत यायला हवी. ती आली की टॅब्लेटवर हात बसला. अजिंठ्याच्या भिंतींशी डिजिटल माध्यमाचं नातं आता जुळलेलंही आहे. नाशिकचे छायाचित्रकार प्रसाद पवार यांनी लेण्यांमधल्या अंधूक प्रकाशात ही चित्रं टिपली आणि भिंतीवर आज पुसट झालेल्या, झडलेल्या भागांच्या डिजिटल पुनरुज्जीवनाचं काम हाती घेतलं. मूळ भिंतीला बोट न लावता चित्र पूर्ण करून बघण्याची ही सोय पूर्वी कुठल्याही पिढीला नव्हती.

आता आकार. छोट्या टॅब्लेटचं काम करण्याचं क्षेत्र साधारण १५ बाय साडेनऊ सेंटिमीटर असतं, म्हणजे पोस्टकार्डाहून जेमतेम मोठं. मध्यम टॅब्लेटचं सुमारे साडेएकवीस बाय साडेतेरा. इथे ‘काम करण्याचं क्षेत्र’ हे शब्द महत्त्वाचे. जाहिरातीत कधी पूर्ण पाटीची लांबी-रुंदी दिलेली असते, कडेच्या बटणांसकट. त्या मापाचा उपयोग फक्त दप्तरात मावते का हे बघायला.

पंधरा इंची लॅपटॉपचा पडदा साधारण साडेचौतीस सेंटिमीटर रुंद असतो. छोट्या टॅब्लेटवर हात एक सेंटिमीटर सरकला की पडद्यावर रेघ सव्वादोन सेंटिमीटरहून जास्त धावते. चोवीस इंची मॉनिटरवर तीच रेघ साडेतीन सेंटिमीटर होते. हाताची चूकही तितक्याच पटीने मोठी दिसते. म्हणून लॅपटॉपला छोटा टॅब्लेट चालतो, मोठ्या मॉनिटरला मध्यम हवा. आणखी एक गोष्ट खास कागदावर शिकलेल्यांसाठी. पाव इंपिरियल कागद म्हणजे पंधरा बाय अकरा इंच. त्यावर रेघ ओढताना कोपर आणि खांदा हलतो. पोस्टकार्डाएवढ्या जागेत सगळं मनगटावर येतं. ज्याची सवय मोठ्या हालचालीची आहे, त्याला छोट्या टॅब्लेटवर आपलाच हात परका वाटतो आणि तो दोष स्वतःला देत बसतो. परवडत असेल तर अशाने मध्यमच घ्यावा. सगळ्यांत मोठ्या आकाराच्या मात्र मागे लागू नये. घरातल्या टेबलावर कीबोर्ड आणि तो एकत्र मावत नाहीत.

पडदा असलेला टॅब्लेट घ्यावा की बिनपडद्याचा? पैसे असतील तर पडद्याचाच, असं उत्तर दुकानात मिळतं. ते पूर्ण खरं नाही. पडद्याच्या टॅब्लेटवर पेन टेकतं तिथेच रेघ उमटते, हा मोठा आनंद आहे आणि चेहरे, अक्षरं, बारीक काम करणाऱ्याला त्याचा फायदा होतो. पण बारा-तेरा इंची पडद्याची किंमत साधारण वीस हजारांच्या आसपास सुरू होते, त्याला दोन-तीन वायरी लागतात, लॅपटॉपला योग्य पोर्ट असावं लागतं आणि मान खाली घालून तासन्‌तास बसावं लागतं. स्वस्त पडद्यांत काच आणि चित्र यांच्यामध्ये पोकळी असते. त्यामुळे पेनाचं टोक आणि रेघ यांत अंतर पडतं. काच चिकटवलेला, म्हणजे लॅमिनेटेड पडदा असेल तर हे अंतर फार कमी होतं. पडद्याचा टॅब्लेट घेताना दाबाच्या आकड्याआधी हा शब्द शोधावा.

बिनपडद्याच्या टॅब्लेटवर हात खाली आणि नजर समोर. पहिले काही दिवस ते अशक्य वाटतं. मग मेंदू जुळवून घेतो, जसं माउसच्या बाबतीत त्याने कधीच घेतलेलं आहे. पाठ सरळ राहते, हात चित्रावर येत नाही आणि पैसे वाचतात. शिकणाऱ्याने इथूनच सुरुवात करावी. वाचलेल्या पैशांत लॅपटॉपची मेमरी वाढवली तर तिचा उपयोग जास्त होतो. तीनशे पीपीआयच्या, म्हणजे दर इंचाला तीनशे पिक्सेल असलेल्या ए-थ्री चित्रात ३५०८ गुणिले ४९६१, म्हणजे सुमारे एक कोटी चौऱ्याहत्तर लाख पिक्सेल असतात. प्रत्येकाला चार बाइट धरले तर पूर्ण भरलेल्या एका लेयरला सत्तर एमबीच्या आसपास जागा लागते. वीस-पंचवीस लेयर झाले की चार जीबीचा लॅपटॉप अडखळतो आणि दोष मात्र टॅब्लेटला मिळतो.

तिसरा मार्ग स्वतंत्र टॅबचा. आयपॅड आणि अ‍ॅपल पेन्सिल ही जोडी २०१५ साली आली; ती पेन्सिल चार्ज करावी लागते. सॅमसंगच्या एस पेनमागे वॅकॉमचंच तंत्र आहे, त्यामुळे ज्या टॅबसोबत ते खोक्यातच मिळतं, त्यावर रेघ छान येते. साध्या टॅबवर दीडशे-दोनशे रुपयांचं रबरी टोकाचं स्टायलस घेतलं तर मात्र ते फक्त बोटाचं काम करतं. त्याला दाब कळत नाही. ‘पेनसोबत’ असं लिहिलेलं असलं तरी ते पेन कोणतं, हे विचारायलाच हवं.

घरात लॅपटॉप नसणं ही खानदेशातल्या अनेक विद्यार्थ्यांची खरी अडचण आहे. त्यावर तोड आहे. बरेच नवे पेन टॅब्लेट ओटीजी जोडणीने अँड्रॉइड फोनला लागतात. आयबिसपेंट, मेडिबँग अशी अ‍ॅप फोनवर चालतात. मात्र दोन गोष्टी आधी माहीत असाव्यात. फोन उभा आणि अरुंद असल्यामुळे टॅब्लेटचा काही भागच कामात येतो. म्हणून फोनसाठी अगदी छोटा टॅब्लेट घेतला तर हातात चिंचोळी पट्टी उरते. आणि काही फोनमध्ये ओटीजी सेटिंगमधून चालू करावं लागतं, थोडा वेळ वापर नसला की ते आपोआप बंद होतं. टॅब्लेट बिघडला असं समजून तो दुकानात परत नेण्याआधी ही सेटिंग बघावी.

दुकानात टॅब्लेट जोडून बघायला मिळाला तर चार रेघांत त्याची परीक्षा होते. पाटीवर पट्टी ठेवून एक तिरपी रेघ अगदी सावकाश ओढावी. पडद्यावर ती लाटेसारखी हलली तर टॅब्लेट नाकारावा. भराभर ओढलेली रेघ सगळ्याच टॅब्लेटवर सरळ येते. मग पेनाचं वजन तेवढंच पाटीवर टेकवून रेघ ओढावी. ती उमटली तर पेन हलक्या हाताचं आहे. जोर दिल्याशिवाय रेघच येत नसेल तर छटा देताना हात दुखेल. तिसरी रेघ चारही कोपऱ्यांत आणि कडांना. चौथी बांगडीची: पाटीवर बांगडी ठेवून आतून पेन फिरवावं. पडद्यावर गोल लंबगोल दिसला तर टॅब्लेट वाईट नाही, मापं जुळलेली नाहीत. पाटी सोळास-दहा या प्रमाणात आणि पडदा सोळास-नऊ, असं असलं की हे होतं. ड्रायव्हरच्या सेटिंगमध्ये पडद्याच्या प्रमाणाची सक्ती करणारी खूण असते, ती केली की गोल गोल होतो. ही खूण न करता अनेक जण वर्षानुवर्षं किंचित चपटे चेहरे काढत राहतात.

जुना टॅब्लेट घेणाऱ्याने पाटीपेक्षा पेन नीट तपासावं. एका मॉडेलचं पेन दुसऱ्याला चालेलच असं नाही, आणि नवं पेन वेगळं घ्यायचं तर स्वस्त टॅब्लेटच्या किमतीचा मोठा भाग त्यातच जातो. पेन हरवलेली पाटी कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये.

घरी आणल्यावर आधी कॉम्प्युटरवरचा कुठल्याही जुन्या टॅब्लेटचा ड्रायव्हर काढून टाकावा. दोन ड्रायव्हर एकत्र आले की दाब गायब होतो, हे या क्षेत्रातलं सगळ्यांत जास्त भेटणारं दुखणं आहे. मग पाटी छातीसमोर, पडद्याच्या बरोबर खाली, सरळ ठेवावी. बाजूला, माउसच्या जागी ठेवली तर रेघ कायम तिरकी येते आणि खांदा भरून येतो. डावा हात कीबोर्डवर. डावखुऱ्यांनी ड्रायव्हरमध्ये डाव्या हाताची सोय निवडून पाटी उलटी फिरवावी. त्यानंतर ड्रायव्हरमधली दाबाची वक्ररेषा. ज्याचा हात जड आहे त्याने ती कडक करावी, हलक्या हाताच्याने मऊ. या एका सेटिंगवर दहा मिनिटं घालवली तर हजार-दोन हजार रुपयांनी महाग टॅब्लेट घेतल्याइतका फरक पडतो.

सॉफ्टवेअरसाठी सुरुवातीला एक पैसाही लागत नाही. क्रिटा हे चित्रकारांसाठीच बनवलेलं मुक्त सॉफ्टवेअर मोफत मिळतं, विंडोज आणि लिनक्स दोन्हींवर चालतं आणि त्याचे ब्रश व्यावसायिक दर्जाचे आहेत. नकली फोटोशॉप टाकून कॉम्प्युटरमध्ये व्हायरस ओढवून घेण्याचं आता काही कारण उरलेलं नाही.

देवनागरी सुलेखन करणाऱ्यांसाठी क्रिटामध्ये एक गोष्ट फार उपयोगी आहे. देवनागरीसाठी बोरूचं टोक रोमन लिपीच्या उलट्या बाजूला तिरकं छाटतात. त्यामुळे उजवीकडून डावीकडे खाली उतरणारी रेघ जाड येते आणि डावीकडून उजवीकडे उतरणारी बारीक. सॉफ्टवेअरसोबत येणारे सुलेखनाचे ब्रश बहुधा रोमनच्या कोनाचे असतात. त्यांनी ‘र’ किंवा ‘स’ काढला की जाडी नको त्या जागी बसते आणि अक्षर परकं दिसतं. ब्रशच्या सेटिंगमध्ये टोकाचा कोन उलट्या बाजूला फिरवून ठेवला की तोच ब्रश बोरू होतो. अशा ब्रशला दाबाची गरजच नसते. जाडी कोनातून येते. म्हणजे नुसतं सुलेखन करायचं असेल तर सगळ्यांत साधा टॅब्लेटही पुरतो. लिहिता लिहिता बोटांत टाक फिरवण्याची ज्यांची शैली आहे, त्यांना मात्र पेनाचं फिरणं ओळखणारं खास पेन लागतं. वॅकॉमचं आर्ट पेन तसं आहे, पण ते मोजक्याच मॉडेलना चालतं. फ्लेक्सवर आणि पत्रिकांवर तीच ती तयार अक्षरं बघून कंटाळलेल्या गावांत स्वतः लिहिलेलं शीर्षक लगेच उठून दिसतं, आणि डिझाइनरला त्याचे वेगळे पैसेही मागता येतात.

रंगांच्या बाबतीत टॅब्लेट घेतलेला प्रत्येक जण सुरुवातीला वाहवतो. लाखो रंग समोर असतात. त्यावर उतारा म्हणून चाळीसगावला जाऊन यावं. रेल्वे स्टेशनजवळच्या ज्या घरात छायाचित्रकार केकी मूस राहिले, तिथे आता त्यांच्या कामाचं संग्रहालय आहे. मूस यांनी आयुष्याची कित्येक दशकं त्या घराबाहेर जवळजवळ न पडता काम केलं आणि १९८९ साली ते गेले. टेबलावर साध्या वस्तू मांडून, त्यांवर प्रकाश खेळवून, निसर्गदृश्य भासावं असं छायाचित्र टिपण्याची टेबल-टॉप छायाचित्रणाची कला हा त्यांच्या कामाचा मोठा भाग. पांढऱ्यापासून काळ्यापर्यंतच्या छटांवर एवढी हुकमत असली की रंगाची उणीव भासत नाही. डिजिटल चित्रकाराने हेच करावं: सगळ्यांत वर एक लेयर टाकून चित्र मधूनमधून करड्या छटांत बघावं. करड्यात जे चित्र सपाट दिसतं, ते रंगाने सुधारत नाही.

छापायला देताना आणखी एक धक्का बसतो. पडद्यावर केळीच्या कोवळ्या पानासारखा झळाळणारा हिरवा कागदावर मळकट येतो. पडदा लाल, हिरवा, निळा प्रकाश मिसळतो. छपाई चार शाया मिसळते आणि त्या शायांना पडद्यावरचे काही झगझगीत रंग गाठताच येत नाहीत. छापायचं चित्र असेल तर सुरुवातीलाच छपाईची रंगव्यवस्था लावून बघावं. पुस्तकासाठी तीनशे पीपीआय धरावं. दहा-पंधरा फुटांच्या फ्लेक्सला, लांबून बघायचा असल्यामुळे, त्याचा तिसरा हिस्सासुद्धा पुरतो.

खानदेशच्या हवेचंही टॅब्लेटशी काही देणंघेणं आहे. एप्रिल-मे महिन्यांत पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसवर जातो, तेव्हा तळहाताचा घाम पाटीवर उतरतो आणि हात सरकायचा थांबतो. शेवटची दोन बोटं झाकणारा चित्रकारांचा हातमोजा यासाठीच असतो. जुन्या सुती मोज्याचाही करता येतो. वाऱ्यावर येणारी धूळ पाटीवर बसते आणि निबखाली सापडलेला कण चरा पाडतो. काम सुरू करण्याआधी कोरड्या मऊ फडक्याने पाटी पुसायची सवय लावावी. निब प्लास्टिकची असते, ती झिजते. झिजून तिला छिन्नीसारखी धार आली की लगेच बदलावी, नाहीतर तीच पाटी ओरखडते. जास्तीच्या निबा आणि त्या ओढून काढायची कडी बहुतेक टॅब्लेटसोबत खोक्यातच असते.

रेघ अचानक थरथरायला लागली तर आधी लॅपटॉपचा चार्जर काढून बघावा. चार्जर काढल्यावर रेघ सरळ आली तर दोष घरातल्या अर्थिंगचा असू शकतो, टॅब्लेटचा नव्हे. जुन्या वाड्यांतल्या वायरिंगमध्ये हे आढळतं. वायरमनला बोलावणं हाच त्यावरचा इलाज. टॅब्लेटजवळ मोठा स्पीकर असेल तर त्याचं चुंबकही ढवळाढवळ करतं. वीज जाते तिथे डेस्कटॉप वापरणाऱ्याने छोटं यूपीएस घ्यावं आणि सॉफ्टवेअरमधली आपोआप जतन होण्याची वेळ पाच मिनिटांवर आणावी.

राहता राहिला प्रश्न झालेलं काम जपण्याचा. अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करायला मद्रास सैन्यातला अधिकारी रॉबर्ट गिल याची १८४४ साली नेमणूक झाली. वर्षानुवर्षं लेण्यांत राबून त्याने भिंतीच्या आकाराची तैलचित्रं केली. ती लंडनला गेली, सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडली गेली आणि १८६६ च्या डिसेंबरमध्ये तिथे लागलेल्या आगीत बहुतेक सगळी जळाली. गिलने पुन्हा काम हाती घेतलं. १८७९ साली तो वारला. त्याची कबर भुसावळला आहे. त्याच्यानंतर मुंबईच्या जे. जे. स्कूलचे जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांचे विद्यार्थी १८७२ ते १८८५ या काळात अजिंठ्याला येऊन नकला करत राहिले. त्यांच्या कामातला मोठा वाटाही लंडनच्याच साउथ केन्सिंग्टनमध्ये १८८५ च्या आगीत गेला. दोन्ही वेळा वर्षानुवर्षांची मेहनत एकाच इमारतीत ठेवलेली होती.

डिजिटल चित्राची दुसरी प्रत करायला एक मिनिट लागतं आणि ती मुळाइतकीच अस्सल असते. तरीही हार्डडिस्क गेली म्हणून तीन-तीन वर्षांचं काम गमावलेले चित्रकार भेटतात. लेयर शाबूत असलेली मूळ फाइल आणि सपाट केलेलं पीएनजी चित्र, दोन्ही जतन करावीत. पुढे गिऱ्हाईक बदल सांगतं तेव्हा सपाट चित्राचा काही उपयोग होत नाही. एक प्रत लॅपटॉपवर, एक इंटरनेटवरच्या साठ्यात, एक बाहेरच्या हार्डडिस्कवर. आणि ती हार्डडिस्क त्याच टेबलाच्या खणात न ठेवता दुसऱ्या घरी, मामाकडे किंवा मित्राकडे ठेवावी.